वाचकांचे प्रश्न : सात सह्यांपासून संपाच्या नोटिशीपर्यंत

या वेळी पत्रं आली ती बेळगाव जिल्ह्यातल्या उद्यमबाग, मच्छे, वडगाव, निपाणी आणि रायबाग भागातून. पत्र लिहिणाऱ्यांची नोकरी शाबूत राहावी म्हणून नावं छापलेली नाहीत, फक्त गाव दिलं आहे. लांबलेले प्रश्न आम्ही थोडक्यात मांडले आहेत.

प्रश्न : उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत आम्ही ६४ जण आहोत. निम्मे कंपनीचे, निम्मे ठेकेदाराचे. पगाराची चिठ्ठी मिळत नाही, ओव्हरटाइमचे पैसे एकेरी दरानं मिळतात. युनियन काढायची तर सुरुवात कुठून करायची? (यळ्ळूर)

सुरुवात गेटवर करू नका आणि अर्जापासूनही करू नका. एका मोठ्या कागदावर फाउंड्रीचा नकाशा काढा: कोअर (साच्यात बसवायचा वाळूचा गाभा), मोल्डिंग, भट्टी, ओतकाम, फेटलिंग (ओतलेल्या मालाची साफसफाई), ग्राइंडिंग, डिस्पॅच. प्रत्येक जागी, प्रत्येक पाळीला कोण असतो, तो कंपनीचा की ठेकेदाराचा, कुठल्या गावचा, घरी कुठली भाषा बोलतो आणि अडचण आली की कोणाला विचारतो, हे लिहा. यातला शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. जो जास्त बोलतो त्याला पुढारी करण्याची चूक जवळजवळ प्रत्येक ठिकाणी होते. खरा माणूस असतो तो रजेचा अर्ज कसा लिहायचा, कोअर का फुटतोय हे ज्याला बाकीचे जाऊन विचारतात तो. तो सोबत नसेल तर सभेला तीस जण येतील आणि दुसऱ्या दिवशी तीन उरतील. भट्टीवरची माणसं वेगळी मोजा. धातू वितळला नाही तर पुढचे सगळे विभाग रिकामे बसतात, म्हणून भट्टीवरचे दोघे-तिघे सोबत असणं हे डिस्पॅचच्या दहा जणांपेक्षा जड आहे.

मग एकेकाशी बोला. कामावर नाही, त्याच्या गावात, त्याच्या घरी. यळ्ळूर, मच्छे, देसूर, पिरनवाडी अशा गावांतून येणाऱ्यांना तालीम, भजनी मंडळ, गणेशोत्सव मंडळ यांच्या ओळखी असतात, त्या वापरा. आपण पाच मिनिटं बोलायचं आणि पंधरा मिनिटं ऐकायचं. शेवटी एक लहानसं काम द्यायचं: मोबाइलवर उमंग ॲपमधून पीएफचं पासबुक काढून आणा, किंवा महिनाभराच्या ओव्हरटाइमचे तास वहीत लिहून आणा. काम करून आणलं तरच त्याला आपल्यात मोजा. नुसत्या 'हो हो, आम्ही आहोत की'ला मोजलं की हिशेब चुकतो.

आता कायदा. १९२६ चा ट्रेड युनियन कायदा आता औद्योगिक संबंध संहितेत गेला आहे, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. नोंदणीचा आकडा जुनाच आहे: कामगारांच्या १० टक्के किंवा १००, यांतलं जे कमी ते, पण कुठल्याही परिस्थितीत किमान सात. ६४ चे १० टक्के सातपेक्षा कमी भरतात, म्हणजे तुम्हाला सात सह्या पुरतात. पण सात सह्यांवर अर्ज टाकू नका. अर्ज गेला की नावं मालकापर्यंत पोचायला वेळ लागत नाही, आणि सात जण वेगळे पाडायला सोपे असतात. चाळीस जण पक्के झाल्यावरच सह्या करा.

आणखी एक आकडा लक्षात ठेवा. एका आस्थापनेत अनेक युनियन असतील तर वाटाघाटीचा एकटीचा हक्क मिळायला मस्टरवरच्या, म्हणजे हजेरीपटावरच्या, ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा लागतो. तुमचे निम्मे लोक ठेकेदाराच्या मस्टरवर असतील तर कंपनीच्या मस्टरवर ३२ च उरतात, त्यांचे ५१ टक्के म्हणजे १७. मालक या १७ जणांना चार पैसे वाढवून बाकीच्यांपासून तोडू शकतो. म्हणून पहिल्या दिवसापासून ठेकेदाराच्या कामगारांना सभासद करा आणि त्यांचा एक माणूस कार्यकारिणीत घ्या. ठेकेदारानं मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, हे त्यांना आधी सांगा. पुष्कळांना हे माहीतच नसतं.

नोंदणीसाठी सभा घ्या, ठराव करा, इतिवृत्ताच्या वहीत हजर असणाऱ्यांच्या सह्या घ्या. घटनेत युनियनचं नाव, उद्देश, सभासद कोण होऊ शकतो, वर्गणी किती, पैसे कशावर खर्च होतील, निवडणूक कशी, हिशेब तपासणी कशी आणि युनियन विसर्जित करायची तर कशी, हे सगळं हवं. राजकीय कामासाठी पैसे गोळा केले तर त्याचं खातं वेगळं ठेवावं लागतं. बाहेरचे पदाधिकारी एकूण पदाधिकाऱ्यांच्या एक तृतीयांश किंवा पाच, यांतल्या कमी आकड्यापेक्षा जास्त चालत नाहीत. अर्जाचा चालू नमुना कामगार खात्याच्या कार्यालयातूनच घ्या, कुणाच्या जुन्या फायलीतला वापरू नका.

पहिली मागणी महिन्याभरात पदरात पडेल अशी निवडा. पगारवाढ नको. नेमणूकपत्र, पगाराची चिठ्ठी, ग्राइंडिंगवर चांगले मास्क, भट्टीवर ॲप्रन आणि बूट, ओला भंगार भट्टीत न टाकण्याची सक्ती. ओल्या भंगारातल्या पाण्याची वितळलेल्या धातूखाली क्षणात वाफ होते आणि धातू उसळतो, हे मालकालाही माहीत असतं. सिलिका वाळूची धूळ फुप्फुसात बसून सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. अशा मागणीला कायम आणि ठेकेदाराचा असा भेद उरत नाही. दुप्पट ओव्हरटाइम ही दुसरी मागणी. वहीतले तास जमले की ती आपोआप उभी राहते.

कुणाला काढलंच, तर कोऱ्या कागदावर किंवा 'राजीनामा' लिहिलेल्या कागदावर सही करायची नाही. दुसऱ्या दिवशी पाळीच्या वेळेला दोन साक्षीदार घेऊन गेटवर जायचं, आत घेतलं नाही तर त्याच दिवशी 'मी कामावर हजर झालो होतो' असं पत्र स्पीड पोस्टानं मालकाला पाठवायचं आणि पावती जपायची. हा कागद नसला की 'तो स्वतःहून यायचा थांबला' हे मालकाचं म्हणणं पुढे खरं धरलं जातं. काढल्यावर राहिलेली मजुरी दोन कामाच्या दिवसांत द्यावी लागते.

प्रश्न : कोल्हापूरच्या नातेवाइकांनी माथाडी मंडळाचं आणि युनियनच्या मान्यतेचं मराठी पुस्तक दिलं. इथल्या बाजारातल्या हमालांना ते लावता येईल का? (बेळगाव)

नाही. माथाडी कायदा १९६९ चा आणि मान्यतेचा कायदा १९७१ चा, दोन्ही महाराष्ट्र विधिमंडळानं केलेले. बेळगाव त्याआधीच, १ नोव्हेंबर १९५६ ला, दुसऱ्या राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, गेलं होतं. आपण मराठीत वाचतो म्हणून महाराष्ट्राचं पुस्तक हाती येतं, त्यावर मागणीपत्र लिहिलं जातं, आणि पहिल्याच बैठकीत अधिकारी ते बाजूला ठेवतो. लोकांचा धीर तिथे खचतो. हमालांनी आधी इथल्या कामगार खात्यात असंघटित कामगार म्हणून नोंदणी करावी. माथाडी मंडळासारखं मंडळ कर्नाटकातही हवं ही मागणी मात्र अगदी योग्य आहे, ती जोरानं करा.

प्रश्न : आमच्या कारखान्यात मराठी आणि कन्नड असे दोन गट आहेत. १ नोव्हेंबर (कन्नडिगांचा राज्योत्सव, मराठी लोकांचा काळा दिवस) जवळ आला की एकमेकांशी बोलणं बंद होतं. युनियन दोन कराव्यात का? (मच्छे)

दोन करू नका. दोन झाल्या की मालकाला आणखी काही करावं लागत नाही.

कुणीही सीमाप्रश्नावरचं आपलं मत सोडावं असं आमचं म्हणणं नाही. आपल्या भाषेत शाळा, आपल्या भाषेत सरकारी कागद मागणं हा लोकशाहीचा हक्क आहे, आणि तो नाकारणं हा जुलूमच. २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. तो निकाली निघेपर्यंत कन्नड सोबत्याशी अबोला धरायचा म्हटलं तर तुमचा एकेरी ओव्हरटाइमही तितकाच काळ चालेल. मराठी मालक मराठी कामगाराला जास्त मजुरी देतो असं उद्यमबागेत किंवा मच्छेत कुणी पाहिलेलं नाही. बेळगाव शहरात सीमालढ्यात उतरलेले आणि त्याच वेळी कामगारांच्या युनियन चालवणारे कॉ. कृष्णा मेणसे यांच्यासारखे कार्यकर्ते होऊन गेले. दोन्ही एका माणसाला पेलतं.

कामाची रीत अशी ठेवा. प्रत्येक सभेला दोन बोलणारे, एक मराठी, एक कन्नड. अख्खं भाषण झाल्यावर भाषांतर करू नका, तोवर निम्मी सभा चहाला गेलेली असते. चार वाक्यं एका भाषेत, लगेच चार दुसऱ्या भाषेत. अध्यक्ष एका भाषेचा तर सरचिटणीस दुसऱ्या, आणि दर निवडणुकीला अदलाबदल, हे घटनेतच लिहून टाका. तोंडी ठरवलेलं वाईट दिवसांत टिकत नाही. कामगार खात्याला जाणारा कागद कन्नडमध्ये, सभासदांना वाटायचं पत्रक दोन्ही भाषांत एकाच पानावर. आमची शब्दांची वही पुष्कळ लोक मागतात, त्यातले चार देतो: संपाला मुष्कर, लढ्याला होराट, पगाराला संबळ, कामगाराला कार्मिक. आपल्या भागातल्या कन्नडात 'पगार' हाच शब्द सर्रास चालतो, त्यामुळे ज्या शब्दासाठी भांडायचं आहे तो शिकावा लागत नाही.

३१ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर या तीन दिवसांत युनियनचा कुठलाही कार्यक्रम ठेवू नका. त्याऐवजी २५ ऑक्टोबरच्या आसपास एक सभा घ्या आणि आधीच ठरवा: गेटवर झेंडा लावायचा तर फक्त युनियनचा, आणि मोबाइलच्या ग्रुपवर त्या आठवड्यात भाषेवरचं काहीही टाकायचं नाही. भांडण पेटतं ते बहुतेक वेळा ग्रुपवर, कारखान्यात नव्हे.

प्रश्न : घरी विड्या वळतो. ठेकेदार पानं कमी देतो, वर छाट काढतो. तक्रार केली तर 'तू माझी कामगार नाहीस' म्हणतो. (निपाणी)

तुम्ही कामगारच आहात. १९६६ च्या विडी-सिगार कायद्यानं घरी वळणाऱ्या बाईलाही कामगार धरलं. त्याविरुद्ध मालक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७४ मध्ये हरले, तो खटला मंगळूरच्या विडी कारखान्याच्या नावानं ओळखला जातो. १९८५ मध्ये घरी विड्या वळणाऱ्या बायकांना पीएफ लागू असल्याचा निकालही त्याच न्यायालयानं दिला. १९६६ चा कायदा आता कामाच्या जागेची सुरक्षा आणि आरोग्य यांवरच्या वेगळ्या नव्या संहितेत विलीन झाला असला तरी घरी काम करणारी कामगार नाही, असं त्यातही म्हटलेलं नाही.

चोरी दोन जागी होते. हजार विड्यांना लागणारी पानं वजनात कमी येतात, आणि हजार तर मोजून घेतले जातात, म्हणून तुटीची पानं तुम्ही पदरच्या पैशानं आणता. दुसरी चोरी छाटेची. खराब म्हणून काढलेल्या विडीचे पैसे मिळत नाहीत, पण विडीही परत मिळत नाही. ती विकली जाते. फुकट वळलेली विडी म्हणजे पिळवणूक डोळ्यांनी पाहायची सगळ्यात सोपी जागा.

गल्लीतल्या दहा जणींनी मिळून एक तराजू घ्या आणि चार आठवडे वही ठेवा: तारीख, मिळालेली पानं, तंबाखू, सूत, दिलेल्या विड्या, छाट, पदरची पानं किती रुपयांची. लिहिता येत नसेल तर शाळेतली पोर लिहील, सही किंवा अंगठा आपला. दहा जणींच्या वह्यांतल्या चाळीस पानांपुढे ठेकेदाराचं 'तुझंच चुकलं असेल' चालत नाही. मग पहिली मागणी करा: छाट आमच्यासमोर मोडा. मोडलेली विडी विकता येत नाही, त्यामुळे छाट तिथल्या तिथे कमी होते. दुसरी मागणी, लॉगबुक (घेतलेला माल आणि दिलेल्या विड्या लिहायचं पुस्तक) प्रत्येकीच्या नावावर. एका नावावर तिघी वळतात तेव्हा दोघींचा पीएफ कायमचा बुडतो, आणि विडी कामगाराचं ओळखपत्र मिळवतानाही अडतं.

संघटना ठेकेदारवार बांधू नका, गल्लीवार बांधा. एका ठेकेदाराकडच्या बायकांनी विड्या अडवल्या तर तो शेजारच्या गल्लीत पानं टाकतो. सगळी गल्ली एक असली तर त्याला जागा उरत नाही. निपाणीला हे नवं नाही. तंबाखूच्या वखारीतल्या बायकांनी प्रा. सुभाष जोशी यांच्या सोबतीनं इथेच युनियन उभी केली होती.

प्रश्न : आमचा मालक गावचाच आहे. त्याच्यावर बँकेचं कर्ज, मोठ्या कंपन्या त्याला भाव देत नाहीत. असा माणूस भांडवलदार कसा? (पिरनवाडी)

आकडे समजून घेऊ. समजा तुमची मजुरी रोज ₹६००. लोखंड, वाळू, वीज, यंत्राची झीज हे सगळं वजा जाता तुमच्या आठ तासांच्या कामानं मालाच्या किमतीत ₹१,५०० ची भर पडते. म्हणजे पहिल्या ३ तास १२ मिनिटांतच तुमची मजुरी भरून निघाली. उरलेल्या ४ तास ४८ मिनिटांत तयार झालेले ₹९०० हे वरकड मूल्य. ते सगळं मालकाच्या खिशात जात नाही हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. त्यातून बँकेचं व्याज जातं, शेडचं भाडं जातं, आणि काम देणारी मोठी कंपनी भाव पाडून त्यातला मोठा वाटा आधीच ओढून घेते. उरलं ते मालकाचं. पण वरून दाब आला की तो खाली ढकलायची सोय मालकाकडे आहे: पाळी वाढव, माणूस ठेकेदाराकडून घे, मास्क नको. तुमच्याकडे ढकलायला कुणी नाही. भांडवलदार हा स्वभावाचा शब्द नाही, तो त्या साखळीतल्या जागेचा शब्द आहे. माणूस चांगला असला तरी जागा तीच राहते.

वडगाव, खासबागच्या यंत्रमागांवर चित्र थोडं वेगळं. चार माग असलेला, घरातलीच माणसं राबवणारा विणकर सूत देणाऱ्या व्यापाऱ्याच्या मजुरीवर जगतो. तिथे मागमालक आणि कामगार यांनी मिळून व्यापाऱ्याकडे साडीमागे दर मागणं शहाणपणाचं. फक्त वाढलेल्या दरातला किती वाटा कामगाराला, हे मागणीपत्रातच आकड्यानं लिहा. नंतर पाहू म्हटलं की ते कधी होत नाही.

प्रश्न : सभेनंतर चहाला आमच्या वस्तीतल्या पोरांना कागदी कप आणि बाकीच्यांना काचेचे. हे बोलून दाखवलं तर 'एकी मोडतोस' म्हणतात. (रायबाग)

एकी कपानंच मोडली आहे. पुढच्या सभेत पहिला विषय हाच घ्या, ठराव इतिवृत्तात लिहा आणि सगळ्यांना एकच कप करा. ऐकलं नाही तर त्या चहाला कुणीही हात लावू नये. १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेच्या दलित कामगारांच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे कामगारांचे दोन शत्रू सांगितले होते. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून संपावर बंधनं घालणाऱ्या विधेयकाविरुद्ध मुंबईत संप केला. दोन्ही लढे एकाच वर्षी, एकाच माणसानं लढले. 'आधी पगार, मग जात' असं म्हणणाऱ्याला हे सांगा. आणि फेटलिंगच्या धुळीत, सफाईत, भट्टीच्या राखेत कोणाची नावं जास्त आहेत ते आपल्या नकाशावर पाहा.

प्रश्न : बोलणी फिसकटली. पोरं म्हणतात सोमवारपासून बसू. काय करावं? (उद्यमबाग)

सोमवारी बसू नका. औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे संपाची नोटीस द्यावी लागते, नोटीस दिल्यापासून १४ दिवस संप करता येत नाही, आणि ती नोटीस ६० दिवसांपुरतीच चालते. नोटीस मिळाल्यावर समेट अधिकाऱ्यानं (मालक आणि कामगार यांच्यात तडजोड घडवणारा सरकारी अधिकारी) पहिली बैठक घेतली की समेटाचं काम सुरू झालं असं धरतात. ते चालू असेपर्यंत आणि संपल्यावर ७ दिवस संप बेकायदेशीर ठरतो. निम्म्या किंवा जास्त जणांनी एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संपच. बेकायदेशीर संपाला ₹१,००० ते ₹१०,००० दंड किंवा महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही. हे नियम संप जवळपास अशक्य करण्यासाठी केले आहेत असं आमचं स्पष्ट मत आहे, आणि ते बदलायलाच हवेत. पण बदलेपर्यंत त्यात अडकून दहा जणांची नोकरी घालवणं परवडणारं नाही. समेट चालू असताना एक फायदाही आहे: वादाशी संबंधित कामगाराला परवानगीशिवाय काढता येत नाही, की त्याच्या सेवाशर्ती बदलता येत नाहीत. हा काळ पैसे आणि माणसं जमवायला वापरा.

पैशाचा हिशेब आधी. ६० सभासद, दरमहा ₹५०, वर्षभरात जमले ₹३६,०००. एका घराला नुसता शिधा महिन्याला ₹२,५०० धरला तरी ६० घरांना दीड लाख लागतात. म्हणजे तुमचा निधी सात दिवसांचा. म्हणून निधी सगळ्यांना सारखा वाटू नका. भाड्याच्या खोलीत राहणारे आणि बाहेरच्या राज्यातून आलेले आधी, शेत आणि घर असलेले नंतर. भात कापणीच्या आणि सुगीच्या दिवसांत खेड्यातल्या कामगाराला शेतावर काम असतं, तेव्हा तो जास्त टिकतो. जूनमध्ये शाळेची फी आणि बियाणं दोन्ही डोक्यावर असतात, तेव्हा संप सुरू करू नका. खातं बँकेत, दोन सह्यांचं, आणि दर आठवड्याला हिशेब भिंतीवर. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यांची हिंमत कमी पडली नाही, पण मागे फिरायची वाट कुणी आखून ठेवली नव्हती.

ती वाट संपाच्या आधी ठरवा. कुठल्या तीन मागण्यांवर बसलो, त्यातली कोणती मिळाली की आत जायचं आणि ते कोण ठरवणार, हे सभेत मतदानानं लिहून घ्या. तडजोडीच्या कागदात पगाराच्या कलमाआधी 'कुणावरही कारवाई नाही' हे कलम हवं, आणि त्यात ठेकेदाराच्या कामगारांची नावं यादीसह हवीत. परत कामावर जायच्या दिवशी गेटमधून सगळ्यात आधी तेच आत जातील. ते आत गेले की मग कंपनीच्या मस्टरवरच्यांनी आत जायचं.